जावयाला लाथ

मी पायाळू. आईच्या पोटातनं माजे पाय आधी बाहेर आले. म्हणून आमच्या कवठ्यात कुणाच्या कमरंत उसण भरली की ते आधी माज्या दारात, मग दवाखान्यात. माणूस पालथा झोपवायचा आन् कमरंवर डाव्या पायानं तीन लाथा हाणायच्या. तीस वरसं हाणतीया. सरपंचाला हाणली, मास्तराला हाणली, बिरोबाच्या पुजाऱ्याला बी सोडलं न्हाई.

पर जावयाला?

माजा जावई संपत रांजणगावला कंपनीत लोखंडी साचे उचलायचा. पंधरा दिवस झालं, कमरंत वाकडा झालेला. माजी लेक प्रगती त्याला आन् सासूला घिऊन आली आन् आल्या आल्या अंगणात सतरंजी टाकून मोकळी झाली.

"आई, मार लाथ. सोमवारी हे कामावर गेले न्हाई तर कंपनी काढून टाकील."

"अगं बया! जावयाला पाय लावू व्हय मी?"

"मामी, मनात काय आणू नका," संपत पालथा पडत म्हनला. "हाणा बिनधास्त. तेवढीच तुमची हौस फिटंल."

सगळी हसली. मी बी हसले, पदर खोचला, पाय उचलला. तवा फाटकापाशी त्याची चप्पल दिसली. एकच, उजव्या पायातली.

"पाव्हणं, चप्पल तिकडं का काढली?"

"कुठं? दोनी हितंच हायेत की." त्यानं मान वळवून बघितलं, तर सतरंजीपाशी एकच. चप्पल पायातनं सुटली व्हती आन् गड्याला पत्ताच न्हवता.

"उजवा अंगठा वर करा बघू."

न्हाई झाला.

मी पाय खाली ठेवला. "लाथ न्हाई मारायची. पुण्याला न्यायचं."

त्याची आई, कस्तुराबाई, लगीच उसळली. "साऱ्या गावाला हाणता, आन् माज्या लेकाच्या येळंला लाजता व्हय?"

"व्हय, लाजते! गाडी बघा आधी."

पुण्याच्या डागदरानं एमआरआय सांगितला. संपतचा ताईत, चांदीचा करदोटा, पट्टा, सगळं काढून माज्या वटीत आलं. आत मशीन ठकठक करत व्हती आन् बाहेर मी करदोटा मुठीत आवळून बसलेली.

डागदरानं काळा फोटो उजेडावर लावला. "मणक्यांमधल्या या गाद्या. ही एक बाहेर सरकलीय, पायाच्या शिरेवर दाबतेय. वेळेत आलात. ऑपरेशन करू, पाय वाचेल. कमरेवर कुणी लाथ-बीथ मारली नाही ना?"

"न्हाई," मी म्हनले.

"बरं झालं. शीर आधीच चेंगरलेली. एका लाथेत पाय कायमचा गेला असता."

प्रगतीनं मला मिठीच मारली. "आई, तुला कसं गं कळलं?"

मी संपतचा करदोटा तिच्या हातात ठेवला. सात वरसांमागं आमच्या गावच्या पोपटआप्पांची चप्पल अशीच माज्या अंगणात सुटली व्हती. मी बघितली, हसले, आन् तीन लाथा हाणल्या. तवापास्नं आप्पा पाय फरफटत चालत्यात. मी गावभर सांगितलं, आप्पांचं नशीब फुटकं.

ऑपरेशन झालं. संपतनं अंगठा हलवून दावला, तवा मी पोटभर रडले. मग घरी गेलेच न्हाई. सरळ दौंडची गाडी धरली. आप्पा आता तिथं लेकाकडं राहात्यात.

दारातच सांगून टाकलं. "आप्पा, तुमच्या नशिबानं न्हाई. माज्या लाथेनं झालं."

आप्पांनी आधी मला आत बसवलं. मग म्हनले, "तवाच कळ मस्तकात गेली व्हती. पर तुम्ही एवढं ठासून नशीब नशीब म्हनत व्हता, गीताबाई. मला वाटलं, तुम्हालाच जास्त कळतंय."

मला मेल्याहून मेल्यागत झालं. पायाखाली बघत म्हनले, "उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला चला. कमरंचा फोटो काढायचा."

"आता काय उपेग व्हनार हाय का त्याचा?"

तीस वरसांत पहिल्यांदा मी म्हनले, "मला ठावं न्हाई, आप्पा. डागदरालाच इचारू."