तुम्ही हे डिझर्व्ह करता

गादीच्या दुकानात त्याच्यासारखा बोलका दुसरा नव्हता. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं, उशी सारखी करायची आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "तुम्ही हे डिझर्व्ह करता." त्या एका शब्दाने भल्याभल्यांचे खिसे सैल होत. नाहीच झाले, तर ठेवणीतलं अस्त्र होतं: "माझ्या आईलाही मी हीच घेतलीय." आई घरी स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपायची, पण ते बघायला कोण येतंय?

एके दुपारी आईच आली. तो डबा घरीच विसरला होता, तो घेऊन. कमरेवर हात दाबत ती दारात उभी राहिली आणि मालकांनी तिला गिऱ्हाईक समजून, तोंड उघडू न देता, सगळ्यात महागड्या गादीवर निजवलं. "या मावशींना जरा बघ रे," त्यांनी आत हाक मारली.

बाहेर येऊन तो जागीच थिजला. ही माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. पण मग मालकांनी लगेच विचारलं असतं, काय मावशी, कशी आहे घरची गादी?

"पाठ दुखते का, मावशी?" तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. पोराच्या चुका पोटात घालायची तिला जुनी सवय होती.

"दुखते हो."

"तुम्ही हे डिझर्व्ह करता."

"म्हणजे काय?"

दिवसभर तोंडात असलेला शब्द, पण अर्थ सांगताना जीभ अडखळली. "म्हणजे... जन्मभर कष्ट केलेत, तर एवढं तुम्हाला मिळायलाच हवं."

"तुझ्या आईचं सांग की त्यांना," मालक म्हणाले.

त्याने खाली मान घालून सांगितलं.

"नशीबवान आहे हो तुमची आई," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हेच त्याला सोसेना. उठून तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "आम्हाला नाही परवडायचं," म्हणाली आणि निघाली.

"अरे, डबा विसरल्या बघ. धाव."

स्वतःचाच डबा घेऊन तो धावला. कोपऱ्यावर तिला गाठलं, पण शरमेने तोंडातून आई म्हणून हाकही निघेना. तिने डबा परत त्याच्या हातात दिला. "गरम आहे तोवर खाऊन घे. आणि मालकांना काय सांगायचं, ते ठरवून जा."

तो परतला, तेव्हा मालकांनी विचारलं, "घेतला नाही त्यांनी?"

"माझाच आहे," तो म्हणाला. "आईने आणला होता."

मालकांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या गादीकडे. पुढचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा गादी दाखवायला ते स्वतःच उठले.