प्रतीक्षाच्या लग्नाची मुकी सीडी

रुखमाबाई दुपारी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "कारभारी बेटा, आमच्या कॉम्प्युटरवर पोरीचं लग्न दिसते, पण मुकं दिसते. आवाज काढून दे."

पोरगी म्हणजे प्रतीक्षा. चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. एका दवाखान्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि ती रस्त्यातच संपली. पाठवणाऱ्या एकाचंही काही बिघडलं नाही. सगळ्या उंद्री गावाला माहीत आहे, बोलत कोणी नाही.

"तिचा चेहरा आठवते मले," रुखमाबाई म्हणाल्या. "आवाज नाही आठवून राह्यला. रोज फोन करे ते, पण बटनाचा फोन, त्यात काय राहते? दोन महिन्यापासून डोकं फोडून राह्यली, येतच नाही."

मी पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे निघालो.

घरी भगवानराव, त्यांचे मालक, बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मला पाहून म्हणाले, "आला का डॉक्टर? पेशंट म्हातारं आहे, बारा वर्षाचं. झेपते का पाह्य."

"तुम्ही जुड्या बांधा काका."

"आता बांधतोच. हिले सांगून थकलो, काऊन उकरून काढते म्हणून. ऐकते का?"

कॉम्प्युटर प्रतीक्षानं क्लास लावला तेव्हा घेतलेला. बिघाड साधा होता. मागच्या दिवाळीत प्रतीक्षाच्या धाकट्या भावानं, प्रेमनं, तो पुण्यात नोकरीला असतो, विंडोज नवीन टाकलं आणि आवाजाचा ड्रायव्हर टाकायचा राहिला. कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर लाल फुली. त्यात स्पीकरची पिन हिरव्या भोकाऐवजी माइकच्या गुलाबी भोकात. पिन बदलली. मोबाइलचं नेट जोडून ड्रायव्हर उतरवला. सीडी अडकत होती, ती मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली आणि सगळी हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. चित्र सरळ चालायला लागलं.

कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. सुरू होताना तो वाजला. रुखमाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, कोणी पाहुणा यावा तसा, आणि खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसल्या.

मी सीडी लावली. सनई. मग सिनेमातलं गाणं. हळद लागली, गाणं. अक्षता पडल्या, दुसरं गाणं. प्रतीक्षा मैत्रिणींशी बोलते, हसते, मामाला हाक मारते, आणि वर गाणं.

"गाणं बंद कर ना," रुखमाबाई म्हणाल्या. "तिचं लाव."

तेवढ्यात पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि पाकळ्यांमधून दोन बदामांत नवरा-नवरी आले. त्या पाकळ्या मीच टाकायचो; इतक्या लग्नांत हेही माझ्याच हातचं, हे मी विसरून गेलो होतो.

दहा वर्षांपूर्वी मी चिखलीत एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचो. लग्नसराईत आठवड्याला सात-सात लग्नं. कॅमेऱ्यातलं चित्रीकरण आलं की पहिलं काम ठरलेलं, खालची आवाजाची पट्टी धरायची आणि उडवायची. ऐकायचीसुद्धा नाही. मग वरून गाणी अंथरायची. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला द्यायचं. गिऱ्हाइकंच सांगायची, रडारड ठेवू नका, पाहुणे हसतात. नवरीचा चेहरा सगळ्यांना पाहिजे असतो. तिनं तोंड उघडून काय म्हटलं ते कोणाला पाहिजे असतं? मलाही नको होतं. मी तर हात झाडून जेवायला जात होतो.

"काकू, ह्यात आवाज नाही," मी म्हणालो. "आवाज बिघडला नाही. ठेवलाच नाही."

"कोणं काढला?"

"मी."

भगवानरावांचा हात जुडीवर थांबला. त्यांनीच मला तेव्हा शाबासकी दिली होती, गाणे झकास टाकले म्हणून.

पडद्यावर पाठवणी आली. प्रतीक्षा गाडीत बसता बसता वळली, कॅमेऱ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. चार-पाच शब्द. मग गाडीचं दार लागलं.

"काय म्हणून राह्यली ते?" रुखमाबाईंनी माझा हात धरला. "तू बनवली ना सीडी, तू त ऐकलं असशीन."

मी खोटं बोललो. त्या हातासाठी बोललो. "म्हणाली, आई, स्वतःले जप."

त्यांनी हात सोडला.

"ते मले आई नाही म्हणे. बाई म्हणे."

मी चित्र मागं घेऊन पाठवणीवर थांबवलं.

"ऐकलंच नाही ना तू?"

"नाही काकू."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. गाडीच्या दाराला हात लावून फेट्यातले भगवानराव उभे होते, पोरीपासून एका हाताच्या अंतरावर. "तुम्ही त बाजूलेच होते," रुखमाबाई भगवानरावांना म्हणाल्या. "काय म्हणे?"

भगवानराव उठून आले. पडद्यासमोर वाकले.

"बँड वाजून राह्यला होता," ते म्हणाले. "मी ड्रायव्हरले सांगून राह्यलो होतो, घाटातून सांभाळून ने म्हणून." मग तिथंच जमिनीवर बसले.

"तेवढंच लाव," रुखमाबाई म्हणाल्या. "गाणं नको."

मी आवाज बंद करून तो तुकडा लावला. संपला की मागं घेतला. रुखमाबाई पोरीच्या ओठांबरोबर स्वतःचे ओठ हलवून पाहत होत्या. "बाई, मी येतो..." जुळलं नाही. "बाई, माही..." पहिला शब्द जुळत होता, पुढचे नाही.

"अजून लाव," त्या म्हणाल्या. मी पुन्हा मागं घेतला.