मी रागावले नव्हते

मी रागावले नव्हते, हे मला आमच्या घरात कुणालाही पटवून देता येईना. कारण ते सांगतानासुद्धा माझा चेहरा इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट असायचा.

आधी मी अशी नव्हते. आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत मालिनीबाई हसण्यासाठी बदनाम होत्या. भिशीत कुणी विनोद सांगायला लागलं, की तो संपायच्या आधीच मी हसून मोकळी. विष्णुपंत, म्हणजे आमचे हे, चारचौघांत मला कोपरानं ढोसायचे. गेल्या वर्षी केव्हातरी ते हसू आटलं. आतून हसू यायचं, पण चेहऱ्यापर्यंत पोहोचायचंच नाही.

सुरुवातीला त्याचा फायदाच झाला, खोटं कशाला बोलू? हे ओला टॉवेल पलंगावर टाकायचे, ते न सांगता दोरीवर टाकायला लागले. आमचा मुलगा अवधूत जेवताना मोबाइल बाजूला ठेवायला लागला. सून श्रद्धा, भाजीत मीठ बरोबर पडलंय ना, हे तीन-तीनदा विचारायची. नुसत्या चेहऱ्यावर घर इतकं सरळ येतं, हे मला लग्नानंतर लगेच कळायला हवं होतं.

पण मग हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजायची, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडायचे. हे सगळं मी आधी पाहिलं होतं. माझ्या वडिलांना कंपवात होता. त्यांचाही चेहरा आधी असाच विझला, आणि शेवटी आई त्यांना चमच्यानं भरवायची. मी हात पदराखाली ठेवायला लागले आणि कुणाला काही बोलले नाही.

त्यातच श्रद्धानं ती बातमी दिली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, लाजत म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने पालथे घालून झाले होते, आणि मी देवाशी किती भांडले होते ते देवालाच माहीत. मला तिला मिठी मारून नाचावंसं वाटलं. पण चेहरा हलला नाही, पाय उचलले नाहीत, आणि पदराखालून हात काढायची भीती वाटली. कसंबसं "बरं झालं" एवढं बोलले, तेही असं की गॅसचा सिलिंडर आल्याचं कुणी सांगावं. पोरीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दोन दिवस आरामाला म्हणून ती बदलापूरला माहेरी गेली, ती तिथेच राहिली.

पुढच्या आठवड्यात अवधूतनं मला विचारलं, "आई, तुला नातवंड नको होतं का?"

हा घाव मात्र सहन होईना. मी पदराखालून हात काढले आणि त्या दोघा बापलेकांसमोर धरले.

मला उल्हासनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पद्मजा, बोलायला मऊ. त्यांनी मला बोटं आपटायला लावली, चालवून पाहिलं, माझे हात कोपरातून वाकवून पाहिले. कुठली औषधं चालू आहेत म्हणाल्या. ह्यांनी बीपीची आणि कॅल्शियमची सांगितली. आणखी काही? काही नाही. मग त्या लिहीत बसल्या आणि माझी चुळबुळ सुरू झाली. मी म्हटलं, अजून वेळ लागेल का, मी गोळी घेऊन बसलेय, आता जेवायला हवं.

कसली गोळी, त्यांनी विचारलं.

"औषध नाही हो. गॅसची गोळी आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून हात पुढे केला. मी पर्समधून पाकीट काढून दिलं. जेवण छातीशी बसून राहायचं म्हणून गेल्या वर्षी उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधल्या एका डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांपुरती दिली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी ती सोडलीच नाही. दुकानदार मला लांबून बघूनच पाकीट काढायचा, "लो आंटी" म्हणायचा. आमच्या घरी ती बडीशेपेच्या डब्यात राहायची, मग तिला औषध कोण म्हणणार?

डॉक्टरांनी सांगितलं ते मला नीट कळलं. ही गोळी शरीरातल्या एका रसायनाचं काम अडवते, म्हणून पोट अन्न भराभर पुढे ढकलायला लागतं. पण तेच रसायन मेंदूत हातापायांची आणि चेहऱ्याची हालचाल मोकळी ठेवतं, आणि गोळी तिथेही जाऊन त्याला अडवते. पोट पळायला लागलं आणि मी थांबले. गोळी बंद करायची आणि वाट बघायची. काही महिने लागतील. तरीही थरथर उरलीच, तर मग कंपवाताचा विचार करू.

ते महिने मी कसे काढले, माझं मला माहीत. पोट कुरकुरलं, मी थोडंथोडं खाल्लं, जेवून शतपावली घातली आणि रोज बशीकडे कान लावून चहा प्यायले. हळूहळू बशी वाजायची थांबली. मग एके सकाळी ह्यांनी बनियन उलटा घातलेला पाहून मी खळखळून हसले, चांगलं आवाज करून. हे बघतच राहिले, डोळे पुसले, आणि ओला टॉवेल खुशाल पलंगावर टाकला. तपासून डॉक्टरही म्हणाल्या, हा तुमच्या वडिलांचा आजार नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तशीच बदलापूरला गेले. श्रद्धाला सातवा लागला होता. अवधूतनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण दार उघडून ती माझ्याकडे जपूनच बघत होती.

मी म्हटलं, "ती बातमी मला परत सांग."

आता काय सांगायचं, दिसतंच आहे की, असं ती पुटपुटली. मी म्हटलं, दिसू दे, तरी सांग.

ती जड पावलांनी तिच्या आईच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ओढणी सारखी केली. "आई, मला दिवस..."

वाक्य संपायच्या आधीच मी हसून मोकळी झाले.