सातव्या वर्षाची करडी पिसं

पिसं सोलायला, म्हणजे दांडीवरचा मऊ भाग ओढून काढायला बसलं की मोठ्यानं हसायचं नाही, उसासा टाकायचा नाही, आणि दार तर कुणी कितीही ठोठावलं तरी उघडायचं नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की दिवसभराची मेहनत छताला जाऊन चिकटते. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच. चार प्रश्न विचारल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

जानेवारीतली दुपार होती. योहानाच्या स्वयंपाकघरात खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून आम्ही चौघी टेबलाभोवती बसलो होतो: योहाना, तिची लेक मार्गिता, म्हातारी झोफ्का मावशी आणि मी, शेजारीण ओतिलिया. मार्गिताचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिची दुलई भरायची होती. आमच्याकडे पोरगी जन्मली की आई दर वर्षी तिच्या नावानं घरच्या हंसांच्या पिसांची एक पिशवी माळ्यावर ठेवते. एखादं वर्ष चुकलं तर पोरीच्या संसारात ऊब कमी पडते म्हणतात. भरलेली दुलई नवऱ्याच्या घरी वाहून न्यायचा मान तिच्या धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेणाऱ्या बाईचा, दुसऱ्या कुणाचा नाही.

मार्गिताची धर्ममाता म्हणजे समोरच्या घरातली रोझालिया. पण योहाना आणि ती अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणून दुलई मी नेणार होते. त्यासाठी मी लाल गुलाबांचा नवा रुमाल घेऊन ठेवला होता आणि आरशासमोर तो दोनदा बांधूनही पाहिला होता.

सहा पिशव्या सोलून झाल्या. प्रत्येकीचं तोंड मार्गिताच्या त्या त्या वर्षीच्या फ्रॉकच्या चिंधीनं बांधलेलं. सातवीला मात्र साधी सुतळी होती. मार्गितानं ती टेबलावर उलटी केली आणि सगळ्यांचे हात थांबले. पिसं करडी होती.

गावात करडे हंस एकाच घरी. रोझालियानं ते माहेरून आणले होते. बाकी आम्हा सगळ्यांकडे पांढरेच.

"योहाना," झोफ्का मावशी ओठ न हलवता म्हणाली, "ही तुझी नाहीत."

"मला दिसतंय, मावशी."

"मग आली कुठून? हंस रंगवून घेतलेस का?"

मार्गिताला हसू आलं, तिनं ते रुमालात दाबलं. योहानाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. दुसऱ्याच्या घरची पिसं लेकीच्या दुलईत, म्हणजे लोक ती चोरीची म्हणणार हे उघड होतं.

"हे सातवं वर्ष," ती हळूच म्हणाली. "मी तेव्हा प्रेशोव्हच्या दवाखान्यात होते, फुप्फुसाच्या दुखण्यानं. तीन महिने. हंस विकायच्या आधी त्या वर्षीची पिसं श्तेफाननं काढली असणार, असं मी धरून चालले होते."

"तुझ्या नवऱ्यानं?" मावशी म्हणाली. "अगं, देव त्याला शांती देवो, पण तो हंसाला बघून कुंपणावर चढायचा. तुझे हंस त्यानं तू गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पिसं न काढताच विकले. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

माझ्या बोटांतलं पीस गळून पडलं. कारण मला एकदम ती सकाळ आठवली. माझ्या खिडकीतून मी रोझालियाला योहानाच्या माळ्याच्या शिडीवरून उतरताना पाहिलं होतं, काखेत पोतं. योहाना दवाखान्यातून परत आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी सूप घेऊन गेले आणि सुपाबरोबर हेही वाढलं. योहानानं माळा तपासला, तर धुरावलेली डुकराची मांडी गायब. दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायांसमोर ती रोझालियाला चोर म्हणाली. रोझालियानं भरलेली बादली तिथंच ओतली आणि एक शब्द न बोलता घरी गेली.

मी खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त पोतं रिकामं होतं, घडी घातलेलं होतं, एवढं सांगायचं राहिलं होतं. नंतर ते आठवलं होतं, पण तोवर भांडण इतकं रंगलं होतं की मधे पडायची लाज वाटली. लाज कसली, भीती वाटली.

मी गप्प बसू शकले असते. पिसांच्या कामात गप्प बसणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. पण गेली दोन वर्षं मी त्या दुलईची वाट बघत होते, आणि ती माझ्या हातात कशी आली ते मला आता स्वच्छ कळलं होतं.

"योहाना, पोतं रिकामं होतं," मी म्हणाले.

"कुठलं पोतं?"

मी सांगितलं. सगळं हळू आवाजात, कारण टेबलावर पिसं होती. योहानाला ओरडायचं होतं, तिच्या मानेची शीर दिसत होती. पण ती नाकानं श्वास घेत राहिली, एकही पीस हललं नाही.

"अकरा वर्षं, ओतिलिया," ती शेवटी म्हणाली. "मार्गिताच्या पहिल्या प्रभुभोजनाला तिची धर्ममाता नव्हती."

"ठाऊक आहे."

"जा. घेऊन ये तिला."

दार उघडायचं नसतं म्हणून मी मागच्या खोलीच्या खिडकीतून बर्फात उतरले, माझ्या वयाला न शोभेल अशी. रोझालिया अंगणात लाकडं फोडत होती. मी एका दमात कबुली दिली. तिनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली.

"पोरीचं वर्ष चुकायला नको म्हणून टाकली होती पिसं," ती म्हणाली. "मी धर्ममाता आहे तिची. योहाना घरी आली की सांगणार होते. पण तिनं आधी विहिरीवर गाठलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"चोर म्हणणाऱ्या माणसाला काय दिलं ते मोजून दाखवू?" तिनं हात एप्रनला पुसले. "आणि तुला सांगायला अकरा वर्षं लागली?"

योहानानं बोलावलंय, एवढंच मी म्हणाले. ती आली, पण ओसरीत दाराशीच थांबली. आतून योहानाच्या खुर्चीचा आवाज आला.

"उघडू नकोस," रोझालिया दाराला म्हणाली. "पिसं उडतील. मी इथंच उभी राहते, तुमचं होऊ दे."

योहानानं दार सताड उघडलं.

वारा आत शिरला आणि टेबलावरचं सगळं उठलं, सहा वर्षांचं पांढरं आणि एका वर्षाचं करडं, आणि झोफ्का मावशी कपाळाला हात लावून बसली. योहानाच्या भुवयांवर, रुमालावर, ओल्या गालांवर पिसं चिकटली.

"उडू दे," ती म्हणाली. "आत ये."

रात्र पडेपर्यंत आम्ही पिसं वेचत होतो. करडी वेगळी काढू का, असं मार्गितानं विचारलं तेव्हा दोघी एकदमच नको म्हणाल्या. मी घरी जाऊन गुलाबांचा रुमाल आणला आणि रोझालियाच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलटून पालटून बघितला, भडक आहे म्हणाली आणि घेतला. डुकराची ती मांडी मग खाल्ली कुणी, हे विचारायला माझी जीभ वळवळत होती. मी ओठ मिटले आणि टेबलाखालची पिसं वेचायला वाकले.