तिच्या वाटीतला घास

सूनबाई वही घेऊन माझ्यासमोर बसली ती रविवारी सकाळी. लॉन्ड्रीला सुट्टी होती. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करून करून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, पेन हातात ठरत नाही. तिनं ते मुठीत आवळून धरलं आणि म्हणाली, "आई, सांगा. सगळं सांगा. मी लिहून घेते."

सगळं म्हणजे मुंगी काय खाते ते. मुंगी माझी नात, सव्वादोन वर्षांची. रांगायला लागल्यापासून फरशीवरचा एकेक कण वेचून तोंडात घालायची, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणू लागलो. वाटीतलं समोर धरलं की मात्र तोंड बंद. माझा मुलगा वायरमन होता. ही चार महिन्यांची असताना तो एका खांबावर चढला आणि जिवंत उतरला नाही. त्यानंतर सूनबाई कामाला लागली आणि मुंगी माझ्या मांडीवर वाढली.

आता बुधवारी सूनबाईचं लग्न होतं. चष्म्यांच्या दुकानात कामाला असलेला माणूस. आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणतो. भला माणूस. मुंगीला बघायला पहिल्यांदा आले तेव्हा खेळणं आणलं नाही, गाजरं आणली, कारण घरातली गाजरं संपल्याचं सूनबाईच्या बोलण्यात आलं होतं. अशा माणसाला नावं ठेवायची तरी कशी? मी शोधून पाहिलं, काही सापडलं नाही.

मुंगी त्यांच्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होती. एक अट होती, तीही सूनबाईनं स्वतःच घातलेली. मुंगीचं वजन आधीपासूनच काठावर. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं की घर बदललं तर आठवडाभर नीट लक्ष ठेवा, वजन उतरलं तर पोरीला परत जुन्या घरी आणा. त्यावर सूनबाई मला म्हणाली होती, "तिथं ती जेवली नाही तर आठव्या दिवशी तिला तुमच्याकडे आणून सोडेन. शाळेत जाईपर्यंत तुमच्याजवळच राहू दे. माझ्या संसारापायी मी तिला उपाशी नाही ठेवायची."

तेव्हा मी नुसती मान डोलावली. मनात काय आलं ते देवाला ठाऊक.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली.

"डाळ सकाळी उठल्या उठल्या भिजत घाल. तांदूळ तुकड्याचा आणलास तरी चालतो, स्वस्त पडतो आणि लवकर मऊ होतो. लाल भोपळ्याची साल काढू नकोस, शिजली की कळतही नाही. भाजी बाजार उठता उठता घ्यायची. डागाळलेलं गाजर डागापुरतं कापून टाक, बाकीचं गोडच असतं."

"पाणी?"

"बेतानं. चमचा उभा राहिला पाहिजे. पातळ केलं की वाटी भरलेली दिसते, पोट भरत नाही."

"आणि आमच्यासाठी वेगळं करायचं?"

"वेगळं कशाला? गॅस काय तुझ्या लॉन्ड्रीतून येणार आहे? एकाच भांड्यात शिजव. मीठ-तिखट घालायच्या आधी तिची वाटी काढून ठेव, मग उरलेल्यात तुमची फोडणी-बिडणी काय ती घाला. तिच्या वाटीत वरून अर्धा चमचा तेल आणि शेंगदाण्याचं कूट, अगदी बारीक. एक दिवसाआड अंडं. चांगलं घट्ट उकडायचं आणि कुस्करून मिसळायचं."

सूनबाई हसली. "अंडं उकडताना तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहता, तेही लिहू का?"

"नको. मोठी झाली की वाचेल ती."

वही मिटता मिटता तिनं विचारलं, "काही राहिलं का, आई?"

राहिलं होतं. मुंगी एकटी जेवत नाही. तिच्याच वाटीतला घास भरवणाऱ्यानं आधी आपल्या तोंडात घालायचा, चावायचा, गिळायचा. तोवर ती आपल्या तोंडाकडे टक लावून बघते. घसा हलला की मग स्वतःचं तोंड उघडते. पुढचा घास पुन्हा आपला, त्याच्या पुढचा तिचा. चमचा नुसता ओठाला लावून मिटक्या मारलेल्या तिला चालत नाहीत. ती वर्षाची असताना मला हे उमगलं आणि तेव्हापासून मी तिच्या वाटीतलं अळणी जेवत आले. शेजारणी म्हणाल्या, बाईंनी मीठ सोडलं, लेकासाठी व्रत धरलं. मी नाही म्हटलं नाही. पुढे नर्सबाईंनी अंडं सांगितलं. चाळीस वर्षं मी अंड्याला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मुंगीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी खाल्लं. त्यानंतर एक दिवसाआड खातच आले. हे कुणाला दिसू नये म्हणून तिला मागच्या खोलीत घेऊन बसायचे, दार लोटून घ्यायचे. सूनबाई सुट्टीच्या दिवशी डोकावली तर म्हणायचे, तू समोर असलीस की तिचं लक्ष उडतं. बाकीचे दिवस तर ती सहाला घराबाहेर पडायची आणि मुंगीची संध्याकाळची वाटी झाल्यावरच यायची. तिला कळणार कसं?

"रांधायचं सगळं सांगितलं," मी म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रोज पहाटे दिव्यापुढे बसून मी माझे नेम मनाशी म्हणते, त्यात खोटं न बोलण्याचा एक आहे. तो मोडला नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना मी मान वर केली नाही.

बुधवारी लग्न लागलं आणि दोघी गेल्या. मुंगी चष्मेवाल्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. ती बाजारात निघाल्यासारखी खुशीत होती.

गुरुवारी मी रोजच्याच भांड्यात रोजच्याएवढंच शिजवलं. शुक्रवारी सूनबाईचा फोन आला.

"आई, सकाळपासून दोन चमचे गेलेत फक्त."

"घट्ट केलं होतंस?"

"हो."

"फार गरम तर नव्हतं?"

"तुम्ही सांगितलं तस्संच केलं. वहीत बघून बघून केलं."

"नवीन जागा आहे. धीर धर थोडा," मी म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

शनिवारी शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी दोऱ्याचं रीळ घ्यायला निघाल्या होत्या, त्या माझ्या दारात थांबल्या. त्यांना सगळी खबर असते; मशीन चालू असलं तरी कान मोकळे.

"काय म्हणते पोरगी?"

"जेवत नाही म्हणे."

"मग येतेच बघा चार दिवसांत परत. तुमच्या अळण्याला यश आलं. माझा देव मेला माझं काही ऐकत नाही, मी त्याला सगळं चमचमीत देते ना."

मी हसले. मला खरोखरच हसू आलं होतं. वहिनी गेल्यावर मी मुंगीचं पांघरूण धुतलं, उन्हात घातलं, उलटं करून पुन्हा घातलं. बाजार उठताना जाऊन भोपळ्याची मोठी फोड आणली. पूजेला बसले तेव्हा हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. पोर जेवो म्हणावं तर ती तिकडेच राहते. न जेवो असं देवाला म्हणायला जीभ कशी रेटणार? तशीच उठले.

सोमवारी दुपारी फोन वाजला. सूनबाईचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आई, नर्सबाईंकडे जाऊन आले. चारशे ग्रॅम उतरलं. आता आठवा दिवस वगैरे काही नाही, उद्याच आणते तिला."

मी "बरं" म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता.

"तुम्ही सांगितल्यात काही चूक नव्हती," ती म्हणाली. "माझ्यातच काहीतरी कमी आहे. वाटी घेऊन बसले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. नुसती बघते, आई. ही आपली आई आहे हे तिला पटतच नसेल बहुतेक. पटावं तरी कसं, मी होते कुठे तिच्याजवळ?"

मला पुढे ऐकवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तू जेवलीस का?"

"कशी जेवू?" ती म्हणाली. "ती खाईपर्यंत घास तोंडात घ्यायचा नाही, असा नेम धरलाय शुक्रवारपासून. चहावर आहे. तुमचं अळणी व्रत बघतच आले ना इतके दिवस. म्हटलं, माझंही ऐकेल देव."

मी भिंतीला टेकून खाली बसले. शुक्रवार, शनिवार, रविवार, आणि आजचा अर्धा दिवस. दोघी एका वाटीच्या दोन बाजूंना बसून होत्या. ही म्हणत होती, तू खा, मग मी खाईन. ती लहानगी धड बोलता येत नसूनही तेच म्हणत होती. आणि नेम धरायला ही माझ्याकडून शिकली होती.

"उद्या आणू नकोस," मी म्हणाले. "मी येते सकाळी."

मंगळवारी दोन बस बदलून मी गेले. तिसरा मजला. दार चष्मेवाल्यांनी उघडलं. मुंगी आतल्या खोलीत झोपली होती. सूनबाई स्वयंपाकघरात भांड्यापाशी उभी होती. वही ओट्यावर उघडी, तिच्यावर डाळीचे शिंतोडे. तिचे गाल आत गेले होते. मला बघून ती हसायला गेली, ते जमलं नाही.

"बस," मी म्हणाले. ती बसली नाही, म्हणून मीही उभ्यानंच सांगितलं. "रविवारी तू विचारलंस, काही राहिलं का. राहिलं होतं."

मग सगळं सांगितलं. वाटीतला घास आधी आपण खायचा. खरा खायचा. घसा हलताना तिला दिसला पाहिजे.

ती ऐकत होती. हातातला चमचा तिनं ओट्यावर ठेवला, सरळ केला, पुन्हा उचलला.

"म्हणजे तुमचं मीठ न खाण्याचं व्रत?"

"व्रत नव्हतं. तिची वाटी होती ती."

"आणि अंडं?"

"तेही."

क्षणभर वाटलं ती हसेल. तिच्या ओठाचा कोपरा हललाही. मग थांबला.

"मला का नाही सांगितलंत?"

खोटं बोलायचं नाही हा नेम त्या वेळी फार जड गेला. "ती परत यावी म्हणून," मी म्हणाले.

दारात उभे असलेले चष्मेवाले बाजूला झाले. सूनबाई गॅसकडे वळली आणि बारीक केला. तिची पाठ माझ्याकडे होती. ती म्हणाली, "पाच दिवस, आई. पाच दिवस मी तिच्यासमोर स्वतःला दोष देत बसले होते." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

आतून मुंगी उठल्याचा आवाज आला. सूनबाईनं वाटी भरली. "तुम्ही तिला दिसू नका आता."

मी गॅलरीत गेले. तिथं दोरीवर चादर वाळत घातली होती, तिच्यामागे उभी राहिले. चादरीच्या कडेतून स्वयंपाकघराची फरशी दिसत होती आणि मुंगीचं एक पाऊल. अंगठा वर-खाली होत होता. पाऊल बारीक झालं होतं.

सूनबाईनं पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. चार दिवस चहाशिवाय काही न उतरलेला घसा, लागणारच. ती पाणी प्यायली. दुसरा घास घेतला. चावताना ती रडत असावी, मधेच नाक ओढल्याचं ऐकू आलं. गिळला. मग काहीच ऐकू येईना. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं.

मग चमचा दातांवर लागल्याचा बारीक आवाज आला. तो मी ओळखते. मुंगी चमचा सोडत नाही लवकर, दातांत धरून ठेवते.

एक घास आईचा, एक तिचा. मी मोजत राहिले. चौदापर्यंत मोजलं आणि मग वाटीच्या बुडाशी चमचा खरवडल्याचं ऐकू आलं.

थोड्या वेळानं सूनबाई गॅलरीच्या दारात आली. तिच्या हनुवटीला भाताचं शीत लागलं होतं. ते पुसावं म्हणून माझा हात वर आला, तो मीच खाली घेतला.

"जेवली," ती म्हणाली.

"हो. ऐकलं मी."

ती चादरीची सुरकुती नसलेली कड उगाच सरळ करत राहिली. "आई, काही दिवस येऊ नका इकडे. तुम्ही दिसलात तर ती पुन्हा माझ्या हातून खाणार नाही." मग म्हणाली, "आणि माझंही मन ठिकाणावर नाही."

"किती दिवस?"

"मी फोन करेन."

"बरं," मी म्हणाले.

तिनं मुंगीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी चपला हातात घेऊन बाहेरच्या खोलीतून गेले. चष्मेवाले माझ्यामागून जिन्यापर्यंत आले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत ते म्हणाले, "तिचा राग जाईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती लॉन्ड्रीला जायला लागली की शेजारच्या काकू सांभाळतील मुंगीला, पण तिला दुपारचं भरवायला तुमच्याशिवाय आहे कोण?"

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. गॅलरीत उभी असतानाच सुचलं होतं. पुढच्या सोमवारी सूनबाईची रजा संपत होती.

"तुमचं दुकान दुपारी बंद असतं ना?" मी विचारलं.

"एक ते चार."

"मग आज संध्याकाळी तुम्हीही तिच्या वाटीशी बसा. एक घास तुमचा, एक सूनबाईचा, एक तिचा. अळणी असतं, पहिल्यांदा जड जाईल, पण तोंड वाकडं करू नका, तिला कळतं. आठवडाभरात तुमच्याही हातून खाईल. मग दुपारी कुणाची वाट बघायला नको."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि तुम्ही?"

आतून मुंगीनं कुणालातरी हाक मारली. कुणाला ते नीट ऐकू आलं नाही. थांबले असते तर ऐकू आलं असतं, म्हणून मी चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरू लागले.