उपाशी तोंडाचा नमुना

“चोरी तुमी करून राहिले साहेब, अन् अटक आमाले?”

इंदूबाईंनी हे अमरावतीच्या ठाण्यात, साहेबांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून विचारलं. साहेब यादीतली नावं मोजत होते. त्यांच्यासमोर एक खोकं उघडं पडलं होतं आणि त्यात कापूस गुंडाळलेल्या काड्या होत्या. काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत घालायची, नळीवर नाव लिहायचं. झालं. माणूस बाहेर, पण त्याचं बूड, शेंडा, बाप, आजा सगळं सरकारच्या कपाटात.

गुन्हा काय, तर कुलूप लावलं. चांदूर बाजारच्या त्यांच्या वस्तीत एकोणीस दिवस नळाला पाणी नव्हतं. म्हणून तेरा बाया अमरावतीच्या पाण्याच्या कार्यालयात आल्या, आणि आल्या त्या नेमक्या हरतालिकेच्या दिवशी, निर्जळी उपासाच्या. स्वतः थेंब पिणार नव्हत्या, पण घरच्यांसाठी नळ पाहिजे होता. आतला अधिकारी समोसा खात खात म्हणाला, “आज तुमचा उपासच हाय, तं पाण्याची घाई काहून?”

असं बोलल्यावर कुलूप लागणार नाही तर काय होईल? बायांनी बाहेरून कडी ओढली. कुलूप कोरं होतं, इंदूबाईंच्या पोराच्या, बंडूच्या हार्डवेअरच्या दुकानातलं. बायांना टेम्पोत घालून आणणाराही बंडूच. अधिकारी दोन तास आत राहिला, समोसा संपल्यावर ओरडायला लागला, आणि चौदा जणांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागला.

पहिला नंबर बंडूचा. गडी खुशीत. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून, दोन चुळा भरून, दाढ दाखवायला बसल्यासारखा बसला. “घ्या मॅडम. फोटोबी काढता काय?”

रागिणी नावाच्या शिपाईबाईंनी काडी फिरवली, नळी बंद केली. इंदूबाई रांगेत दोन पावलं मागे सरकल्या.

त्याचं कारण ठाण्यात दोघींनाच माहीत होतं. एक इंदूबाई, दुसरी बाजूला पदर चावत उभी असलेली त्यांची धाकटी जाऊ सुभद्रा. बत्तीस वर्षांपूर्वी इंदूबाईंची कूस उजवत नव्हती, तेव्हा सुभद्राने आपलं दुसरं लेकरू बाराव्या दिवशी उचललं आणि मोठ्या जावेच्या ओटीत घातलं. कागद नाही, वकील नाही. साक्षीला सासू आणि एक नारळ. दाखल्यावर आई म्हणून इंदूबाईचं नाव चढलं. पुढे सासू गेली, दोघींचे नवरे गेले, नारळ तर त्याच दिवशी फुटला. बंडूला कोणी सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण चांगला दिवस सापडत नव्हता. आधी तो लहान होता, मग त्याची परीक्षा होती, मग लग्न. आता इंदूबाईंचीही काडी फिरली, की जे सांगायला त्यांना बत्तीस वर्षं जीभ झाली नाही, ते एक यंत्र घटकेत बोलणार होतं. यंत्र खरंच नाती जुळवत बसेल का, हे त्यांना माहीत नव्हतं. साहेबांना तरी कुठे माहीत होतं?

“आजी, आ करा,” रागिणी म्हणाली.

“नाई.”

“काहून? लपवायले काय हाय?” साहेब.

पहा म्हणजे. घरात न्हाणीला दार का लावता, हेही उद्या विचारतील. खरं कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं तर लपवण्यात काय उरलं? इंदूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बारा कोरडे ओठ, बारा सुकलेली तोंडं. आणि त्यांना सुचलं.

“आज हरतालिका हाय. नवरा गेला तरी सोडली नाई. तोंडात थेंब जात नाई, अन् तुमची काडी जाईन?”

“काडी खायची थोडीच हाय!”

“ओली होईन ना. ओली काडी तोंडात फिरली, उपास मोडला. मोडू का? पाप तुमच्या नावावर लिहून द्या, सहीशिक्क्यानं.”

मागून सुभद्रानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “हौ, माह्याबी उपास हाय.” मग बाकीच्या अकराजणी. तेरा तोंडं कुलपासारखी मिटली.

साहेबांनी रागिणीकडे पाहिलं. रागिणी खाली पाहत म्हणाली, “साहेब, मीबी उपाशी हावो. मह्यानं होत नाई. इतक्या बायांचा उपास मोडला, तं मले लागन.”

साहेबांनी शेवटी बायकोला विचारायला घरी फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्या ठाण्याला ऐकू आला. “सणाच्या दिवशी बायांच्या तोंडात कापूस घालता? घरी या तुमी आज!” साहेबांनी फोन ठेवला, टोपी घातली, टोपी काढली. “उद्या बोलावतो,” म्हणाले. सगळ्यांना नोटीस देऊन सोडलं.

त्या उद्याला गणपती बसले. मग दहा दिवस सगळं खातं मिरवणुकीच्या मागे. तेवढ्यात इंदूबाईंनी अकोला गाठलं. जठारपेठेत त्यांची भाची वर्षाली वकिली करते.

“मामी, तुमचा गुन्हा सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा. बाईच्या किंवा लेकराच्या अंगावरचाही नाही. थुंकी-रक्ताला तुम्ही सरळ नाही म्हणू शकता. उपासाची गरजच नव्हती.”

“मंग साहेबानं सांगतलं काहून नाई?”

वर्षालीने कोरे कागद पुढे ओढले. तिने नकाराचे तेरा अर्ज लिहून दिले. दिलेला नमुना पंचाहत्तर वर्षं ठेवता येतो, हेही सांगितलं. बंडू तेव्हा एकशेसात वर्षांचा असेल. मात्र खटल्याआधीच माणूस सुटला, तर नमुना नष्ट करायचा असतो.

संक्रांतीच्या सुमाराला गुन्हा मागे घेतला गेला. त्या अधिकाऱ्याची बदली झाली, नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं. बंडू नमुना विसरूनही गेला होता. इंदूबाईंनी नमुना नष्ट करण्याचा अर्ज पुढे केला.

“सही कर.”

“राहू दे ना व आई. माही थुंकी हाय, ठेवतीन तं ठेवतीन. त्याईले काय, लोणचं घालाचं हाय?”

“दुकानातल्या गल्ल्याचं कुलूप काढून ठेवतं काय रात्री? चोरीचा माल नाई ना तुह्या गल्ल्यात?”

बंडूने डोकं खाजवलं आणि सही केली.

दीड महिन्याने नमुने ठेवणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. नमुना नष्ट करण्यापूर्वी तो अर्जदाराचाच असल्याची खात्री करणे आवश्यक. सबब रक्ताच्या नातलगाचा, शक्यतो आईचा, ताजा नमुना घेऊन हजर राहावे.

म्हणजे पुसण्यासाठी आणखी लिहायचं. अशी अक्कल पगाराशिवाय येत नाही.

त्या कचेरीच्या खिडकीवर तिघं गेले. बंडू, इंदूबाई, आणि “मीबी येतो” म्हणत सुभद्रा. खिडकीतल्या बाबूने काडी आधीच काढून ठेवली होती.

“आई कोण?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग इंदूबाई म्हणाल्या, “मी.”

“आ करा.”

“कर ना व आई,” बंडू म्हणाला. “आज तं उपासबी नाई.”

इंदूबाईंनी पदर तोंडावर धरला. सुभद्रा एकदम पुढे सरकली. “माहं घ्या ना, वाटलं तं.”

“तुम्ही कोण?”

“काकू.”

“काकूचं जुळत नाही, बाई.” बाबू वैतागला. “सख्खी आईच पाहिजे. एका मिनिटाचं काम, अन् या आजी घाबरून राहिल्या. लपवायचं आहे काय?”

बंडूने आईकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. “आई?”

“तुले सांगतो,” इंदूबाई म्हणाल्या. “आज घरी गेल्यावर सांगतो. चांगला दिवस नाई, पण मी सांगन, माह्या तोंडानं. याईची काडी नाई सांगणार.”

मग त्या खिडकीकडे वळल्या. पत्र गजांतून आत सारलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“आता तुमी सांगा. पोरगा माहा हाय, हे आईनं थुंकून दाखवावं, असं कोणत्या कायद्याच्या कोणत्या ओळीत लिवलं हाय? त्याची नळी कोणत्या कपाटात हाय, किल्ली कोणापाशी हाय, आजवर कोणकोणं पाह्यली? या पत्रावरच लिवा, खाली सही करा. मी हटत नाई इथून. बोला, देता का उत्तर?”