गाळून टाकलेले आकडे

पाणी कधीही खोटं बोलत नाही, असं प्रयोगशाळेचे साहेब प्रत्येक पाहुण्याला गंभीरपणे सांगत. पाणी मुळात बोलतच नाही. बोलतं ते यंत्र, आणि ते दिवसभर थापा मारतं. त्या थापा पकडायला बाईंना कंत्राटावर ठेवलं होतं.

काचेच्या लांबलचक पाटात नदी वाहत होती आणि मधोमध होऊ घातलेल्या पुलाचा वीतभर खांब उभा होता. यंत्र पाण्यात आवाज सोडायचं. मातीच्या तरंगत्या कणांवर आपटून तो परतला की त्यावरून पाण्याचा वेग कळायचा. पाणी खवळलं, बुडबुडे आले की यंत्राचं डोकं फिरे आणि पाटातलं पाणी मध्येच मोटारीच्या वेगाने धावू लागे. असे आकडे बाई उडवत आणि शेजारपाजारचे बघून तिथे एखादा सभ्य आकडा बसवत. सगळे त्यांना गाळणीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा.

"माती टाकू का अजून?" टाकीवाले काका बादली घेऊन उभे होते. "लोक पाणी गाळून पितात, आपण गढूळ करून मोजतो."

"थांबा काका. हे बघा जरा."

बाईंनी सहज म्हणून उडवलेल्याच आकड्यांचा आलेख काढला होता. खांबामागे दोन यंत्रं होती, एक प्रवाहात वरच्या बाजूला, दुसरं थोडं खाली. वरच्याने उसळी घेतली की क्षणभराने खालचंही घेत होतं. दर वेळी.

"दोघांचं संगनमत दिसतंय," काका म्हणाले.

"थाप पाण्याबरोबर वाहत जात नाही, काका."

म्हणजे ते खरे झोत होते, खांबाच्या बुडची वाळू उकरणारे. बाईंनी ते गाळून टाकले होते आणि उरलेल्या गुळगुळीत वेगावरून पायाची खोली काढून अहवाल साहेबांकडे दिला होता. त्याच टेबलावर, त्याच सहीसाठी, त्यांचं पुढच्या वर्षाचं कंत्राटही पडलं होतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "तुझ्या आकड्यांवर काय पूल उभा आहे का?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "राहणार आहे."

सकाळी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "अहवाल चुकला, साहेब. माझ्याकडूनच. मी जरा जास्तच गाळलं."

"अहो, किती सुंदर रेघ आली होती."

"तीच चूक. पाया आणखी खोल न्यायला हवा. नाहीतर मोठ्या पुरात खांब कलेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाई नोकरी गेल्याच्या हिशेबाने उभ्या होत्या.

"मग लिहा तसं."

"पण खर्च वाढेल. वरचे चिडतील."

"चिडू देत. ठळक अक्षरात लिहा." त्यांनी जुना अहवाल फाडला आणि त्याच झपाट्यात कंत्राटावर सही केली. "अशीच माणसं हवीत आपल्याला."

बाईंनी कंत्राट उचललं. दारापाशी जाऊन त्या वळल्या. "साहेब, अहवाल आजच पाठवू या? पुलाचं काम सुरू होण्याआधी पोचायला हवा."

"पाठवू की, सावकाश. फायलीलाच तर लावायचाय," साहेब म्हणाले. "पाया उन्हाळ्यातच भरून झाला."